नभोवाणीला उजवा कौल

"सर, काय घेऊ?" असं विचारून गुणाजी टेबलासमोर उभा राहिला, आणि उभाच राहिला.

हरिश्चंद्र शिवलकर सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं आणि पुन्हा काढलं. सकाळपासून मुलं हाच प्रश्न घेऊन येत होती आणि हाच प्रश्न घेऊन परत जात होती. त्यामुळे खोलीत माणसं बदलत होती, पण प्रश्न बसून होता.

रत्नागिरीतल्या त्या कॉलेजात संज्ञापन हा विषय नवाच होता. वर्तमानपत्र, रेडिओ, जाहिरात यांतून माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचा तो अभ्यास. प्राचार्यांना तो पुण्याच्या एका परिसंवादात, जेवणाच्या रांगेत, पुढच्या माणसाकडून कळला होता, आणि भात येईपर्यंत त्यांनी तो सुरू करायचं ठरवलंही होतं. विभागाला सायकल स्टँडशेजारची खोली मिळाली. पूर्वी तिथे खेळाचं सामान असे. सामान गेलं, पण गोळाफेकीचा गोळा तिथेच राहिला, कारण तो उचलायला कोणी आलं नाही. शिवलकर त्याच्याखाली विद्यापीठाची परिपत्रकं ठेवत.

त्यातल्याच एका परिपत्रकाने हा घोळ घातला होता. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी नभोवाणी किंवा जाहिरात यांपैकी एक पेपर स्वतःच्या आवडीने निवडायचा, त्यासाठी कॉलेजने एक सल्लागार नेमायचा, आणि सल्लागाराने स्वतःच्या पेपरची शिफारस करायची नाही. ज्या पेपरला दहा मुलं मिळणार नाहीत तो पेपर बंद. वर्गात मुलं वीस. प्राचार्यांनी सल्लागार म्हणून शिवलकरांना नेमलं. शिवलकर नभोवाणी शिकवत आणि तीन वर्षं तात्पुरते होते. पेपर बंद झाला तर तात्पुरतेही राहणार नव्हते. थोडक्यात, ज्याची नोकरी मुलांच्या निवडीवर लटकली होती त्यालाच निवडीबद्दल तोंड उघडायची बंदी होती.

"तुला काय आवडतं?" शिवलकरांनी विचारलं.

"कशातला?"

"या दोन पेपरांतलं."

गुणाजीने छताकडे पाहिलं. छतावर पाल होती. तीही काही सांगेना. "ता तुम्ही सांगायचा ना, सर."

"मी नुसती माहिती देणार. जाहिरात म्हणजे वस्तू लोकांपर्यंत कशी न्यायची ते. खेडेकर सर शिकवतात. चांगला पेपर आहे."

"नि रेडियोचा?"

"तो मी शिकवतो."

"मग तो कसा हाय?"

"त्याबद्दल मला काही बोलता येत नाही."

गुणाजीला वाईट वाटलं. "येवढा बेकार हाय?" त्याने हळू आवाजात विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, आजाऱ्याला भेटून निघावं तसा तो पाय न वाजवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. येसूबाई आरे-वारेच्या पुढच्या कोंडवळ गावाहून पहिल्या एसटीने आल्या होत्या. त्यांनी फणसाच्या गऱ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि ती कलंडू नये म्हणून गोळा तिच्याकडे सरकवला. तो एवढा जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"मास्तर, पोरगा काय इचारतो ता सांगा नि मोकळे व्हा."

"बाई, ते त्याने स्वतः ठरवायचं आहे."

"त्यानं?" येसूबाईंनी मुलाकडे पाहिलं. गुणाजी दाराबाहेर चपलांच्या राखणीला उभा असल्यासारखा उभा होता. "सकाळी चा प्यायची का पेज खायची, ता पण मी ठरवतंय. नायतर तो दुपारपर्यंत तसाच बसंल."

"मग घरी बसून ठरवा. वडिलांना विचारा."

"बापूस मुंबईला. पत्र टाकला तर उत्तर शिमग्याला घेऊन तोच येईल. चुलत्याला इचारला, तर म्हणतो, मला नको इचारू, उद्या वाकडा झाला तर सगळी माझ्या नावानं बोटा मोडतील. तुम्ही मास्तर असून सांगत नाय." येसूबाई उठल्या. "मग आता नवलायलाच इचारते. कौल लावते."

शिवलकर दोन दिवस एकच वाक्य बोलून दमले होते. ते म्हणाले, "लावा."

त्या 'लावा'मध्ये संमती फारशी नव्हती. थकवा होता. पण येसूबाईंनी शब्द तेवढा उचलला आणि थकवा टेबलावरच सोडला. संध्याकाळपर्यंत कोंडवळभर झालं की कालेजनं कौल लावायला सांगितलान.

कोंडवळला कौल लावणं नवीन नव्हतं. घर बांधायचं, मुलगी द्यायची, होडी पाण्यात ढकलायची, सगळं ग्रामदेवी नवलाईला विचारून. पद्धत साधी. देवीच्या पितळी मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. देवीची उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

गुरव होता लवू. त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या, देवी आणि रेडिओ. कोंडवळ डोंगराच्या कुशीत असल्यामुळे रेडिओ गावात कुठेच लागत नसे. देवळात मात्र, एरियलची तार कळसाला बांधल्यामुळे, खणखणीत लागे. म्हणून तो गाभाऱ्यातच, मुखवट्याच्या चौरंगावर, देवीच्या उजव्या हाताला असे. त्याचं मागचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं होतं. सभामंडपात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ऐकू कमी येई, म्हणून आवाज पूर्ण. कौलाच्या वेळीसुद्धा लवू तो बंद करत नसे. एकदा केला होता तर म्हातारे भांडायला उठले होते. देवीची काही तक्रार नव्हती.

"काय काय हाय निवडायला?" लवूने गुणाजीला विचारलं.

"नभोवाणी नि जाहिरात."

"सरळ सांग."

"रेडियो नि जाहिरात."

"जाहिरातीतला मला काय कळत नाय. मला कळत नाय ता मी देवीला कसा सांगू? रेडियो हाय ना, मग तिथनं सुरवात करूया." लवूने पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला, कारण रेडिओवर भजन रंगात आलं होतं. "बा नवलाय माते म्हाराजा! ह्यो तुझा लेकरू, येसूबाईचा गुणाजी, रत्नांग्रीच्या कालेजात तिसऱ्या वर्साला गेलाय..."

"व्हय म्हाराजा!" म्हातारे म्हणाले.

"त्याला पेपर निवडूचा झयलाय, नि त्याचा मास्तर काय सांगत नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यानं रेडियो घेतलान तर त्याचा भला होणार आसल तर उजवी दे, नसल तर डावी दे..."

रेडिओवर पखवाजाने जोर धरला. उजवी पाकळी टपकन पडली.

गुणाजीने नभोवाणी घेतल्याची बातमी वर्गात पसरली, पण मुलांना नभोवाणीचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते हे, की अखेर कोणीतरी उत्तर देतं. पुढच्या रविवारी अर्धा वर्ग कोंडवळला गेला. त्यात एक अडचण निघाली. मुलं ठिकठिकाणची होती, हर्णेपासून मंडणगडपर्यंत, आणि परगावच्या लेकराला नवलाईने परस्पर कसं सांगावं? लवूने यावर तोडगा काढला. तो आधी ज्याच्या त्याच्या ग्रामदेवतेकडे परवानगी मागे आणि ती आली की नाही याचाही कौल लावी. लगेच उजवी पडे. विद्यापीठाकडून ना-हरकत दाखला यायला जिथे तीन महिने लागत, तिथे मंडणगडहून उभ्याउभ्या येत होता. मग पेपरचा कौल. लवू रेडिओपासून सुरुवात करी. उजवी पडे. जाहिरातीपर्यंत जायची वेळच येत नसे.

उरलेला अर्धा वर्ग त्याच्या पुढच्या रविवारी जाऊन आला.

वीसच्या वीस मुलांनी नभोवाणी घेतली. शिवलकरांना आनंद व्हायला हवा होता. पण तो व्हायच्या आधी खेडेकर आले.

प्राध्यापक महिपत खेडेकर जाहिरात शिकवत. ते कायम होते, त्यामुळे त्यांची नोकरी जाणार नव्हती. पण पेपर बंद झाला तर त्यांना पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीचा तास मिळणार होता. त्या वर्गात दीडशे मुलं असत आणि मागच्या बाकावर कधीकधी बकरी असे. खेडेकरांना त्यापेक्षा नोकरी गेलेली चालली असती.

"शिवलकर, तो गुरव तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही, सर."

"मग त्याला काय दिलंत?"

"मी त्याला पाहिलेलंही नाही."

"पाहिलेलं नाही, दिलेलं नाही, आणि वीस?" खेडेकर खुर्चीत बसले. "मी काही या गोष्टी मानत नाही. पण मानत नसलो तरी विसात एक तरी डावी पडायला हवी. हा संख्याशास्त्राचा प्रश्न आहे."

"तुम्ही जाऊन बघा ना एकदा," शिवलकर म्हणाले. सल्लागार झाल्यापासून त्यांनी दिलेला हा पहिला स्पष्ट सल्ला.

खेडेकर नारळ घेऊन गेले. निव्वळ निरीक्षणासाठी, असं ते एसटीत शेजारच्या माणसालाही म्हणाले. देवळात त्यांनी लवूला नीट समजावलं, की आपल्याला जाहिरातीबद्दल विचारायचं आहे. लवूने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "ता इचारू. पण आमची रीत रेडियोपासनं हाय." मग त्याने गाऱ्हाणं घातलं, की ह्यो परगावचा लेकरू मास्तर हाय, त्याच्या डोसक्याला ताप झयलाय, त्यानं रेडियो घेतलान तर भला होईल काय. आणि उजवी पडली.

सोमवारी खेडेकर शिवलकरांच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभे होते.

"माझा विश्वास नाही," ते शेवटी म्हणाले.

"बरोबर आहे, सर."

"पण उजवी पडली. मला. देवीने मला नभोवाणी घ्यायला सांगितलं आहे." ते आत आले आणि दार लावून घेतलं. "तुमचा तास कधी असतो?"

"मंगळवारी. अकराला."

"मी मागे बसेन. कोणाला सांगू नका." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "आणि तुमच्याविरुद्ध तक्रार केली आहे मी प्राचार्यांकडे. तिचा याच्याशी संबंध नाही."

प्राचार्य मुळात शांत माणूस. पंचवीस वर्षं कॉलेज चालवून त्यांना एवढं कळलं होतं, की कुठलाही प्रश्न पुरेसा वेळ पडून राहिला तर त्याची माणसं निवृत्त होतात. पण विद्यापीठाकडे निवड कळवायची तारीख जवळ आली होती. त्यांनी दोघांनाही बोलावलं.

"शिवलकर, हे सगळं कौलावर झालं का?"

"हो, सर."

"कौल लावायला तुम्ही सांगितलंत?"

"मी 'लावा' म्हटलं, सर."

"म्हणजे सांगितलंत." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "परिपत्रकात लिहिलंय, निवड विद्यार्थ्याच्या आवडीने. आता ही निवड देवीने केली असेल तर ती विद्यार्थ्याची नाही. आणि गुरवाने केली असेल तर ती देवीची नाही. आणि तुम्ही केली असेल तर तुम्ही गेलात. हे शोधायला पाहिजे."

"कसं शोधणार?" खेडेकर म्हणाले.

"जिथे झालं तिथेच विचारू," प्राचार्य म्हणाले. त्यात आपण काही वेगळं बोललो असं त्यांना वाटलं नाही.

समिती शनिवारी निघाली. प्राचार्यांच्या अँबॅसिडरमध्ये पुढे प्राचार्य, मागे खेडेकर आणि शिवलकर, आणि दोघांच्या मधे, वाट दाखवायला म्हणून, गुणाजी. आरे-वारेच्या चढावर गाडी तापली आणि थांबली. खाली समुद्र होता, पण त्याच्याकडे बघायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. "इथून किती लांब?" प्राचार्यांनी विचारलं. गुणाजी म्हणाला, "गाडी चालू झाली तर जवळ हाय."

कॉलेजची मोठी माणसं दारात बघून लवूची गडबड उडाली. त्याने घोंगडी अंथरली, उपरणं सारखं केलं आणि मानाने रेडिओ बंद केला. सभामंडपातले म्हातारे कुरकुरले, पण साहेब लोकांपुढे गप्प बसले. देऊळ एकदम शांत झालं, इतकं की खाली लाटेचा आवाज यायला लागला. कोंडवळच्या कितीतरी जणांनी तो देवळात पहिल्यांदाच ऐकला.

"विचारा," प्राचार्य म्हणाले. "या निवडीत शिवलकर मास्तरांनी पक्षपात केला असेल तर उजवी, नसेल तर डावी."

गाऱ्हाणं झालं. "व्हय म्हाराजा" झालं. पाकळी पडली नाही. ना उजवी, ना डावी.

सगळे बघत राहिले. शिवलकरांनी घाम पुसला.

"मग असं विचारा," प्राचार्य म्हणाले, "गुरवाने काही केलं असेल तर उजवी."

लवू दचकला, पण त्याने तेही विचारलं. गाऱ्हाण्यात स्वतःचं नाव घेताना तो जरा अडखळला इतकंच. पाकळ्या जागच्या जागी. कोणीतरी म्हणालं, देवी रुसलीय. कोणीतरी म्हणालं, कालेजनं मान दिलान नाय तिला. खेडेकर पुटपुटले, "मला तर लगेच दिली होती," आणि मग आपण मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन समईकडे बघू लागले.

याच वेळी शिवलकरांचं लक्ष चौरंगाकडे गेलं. रेडिओच्या बुडाखाली लाकडावर ओरखडे होते. एखादी वस्तू रोज थरथरत थोडी थोडी सरकत राहिली की पडतात तसे. शिवलकरांनी ओरखडे पाहिले, मग रेडिओ पाहिला, मग त्याच्याकडची पाकळी पाहिली. ध्वनी म्हणजे कंपन, हे ते तीन वर्षं पहिल्याच तासाला शिकवत आले होते. ते कोणाच्या उपयोगी पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांना सगळं कळलं. रेडिओ वाजला की उजवी पडते. मग प्रश्न काहीही असो.

माणूस सरळ होता. त्याच क्षणी उठून सांगावं असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "वेळ जातोय. मुद्द्याचं विचारू. नभोवाणीचा पेपर यंदा बंद करावा असं असेल तर उजवी."

शिवलकर उठायचे राहिले. त्यांनी रेडिओकडे पाहिलं आणि मनातल्या मनात नवलाईला हात जोडले, की आत्ता कोणालाही बातम्यांची आठवण होऊ देऊ नकोस. कोणाला झाली नाही. पाकळी हलली नाही.

"बरं, उलट विचारा," प्राचार्य थकून म्हणाले. "पेपर चालू ठेवावा असं असेल तर उजवी."

लवूने गाऱ्हाणं सुरू केलं. शिवलकरांनी घसा साफ केला. तीन वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधीही कोणाला कशाची शिफारस केली नव्हती. ते म्हणाले, "लवूदादा, मच्छीमारांचं हवामान लागायची वेळ झाली असेल, नाही?"

"आगो बाय, व्हय की!" म्हातारे एकदम जागे झाले. "लाव रे लवू! पोरगे आमचे समुद्राच्या तोंडाशी नि तू देवीकडं कालेज कसला इचारतोस?"

लवूने बटण फिरवलं. रेडिओतून शिट्टीसारखा आवाज आला, मग खरखर, मग काहीच नाही. मागे बॅटरी सैल झाली होती. लवूने त्याला एक थाप मारली. म्हाताऱ्यांनी सूचना केल्या. शिवलकर पाकळीकडे असे बघत होते की पाकळी लाजेने पडावी.

"राहू द्या, राहू द्या," प्राचार्य वैतागून म्हणाले. "तो प्रश्न मी मागे घेतो. पेपराचं मी बघतो काय ते. शेवटचं एकच विचारा, म्हणजे दर वर्षी ही यात्रा नको. हे मार्गदर्शनाचं काम यापुढे कायम शिवलकरांकडेच ठेवायचं का? ठेवायचं असेल तर—"

लवूने दुसरी थाप मारली.

"—उजवी," प्राचार्य म्हणाले, आणि रेडिओ गरजला: "मच्छीमारांना इशारा देण्यात येत आहे की—"

उजवी पाकळी पडली.

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ ओरडलं. खेडेकरांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

परत निघताना शिवलकर मागे रेंगाळले. लवूला बाजूला घेऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. कंपन, चौरंग, पाकळी, सगळं. लवूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे रेडियोनं पडते, असा म्हणता?"

"हो."

"मग देवीनं पाडायला काय वापरायचा, ता आता तुम्ही तिला शिकवणार?" लवू म्हणाला. "आधी वारा वापरायची. आता रेडियो हाय तर रेडियो वापरते." आणि तो म्हाताऱ्यांसाठी आवाज वाढवायला गेला.

शिवलकरांनी गाडीत प्राचार्यांनाही सांगायचा प्रयत्न केला. पण प्राचार्य डोळे मिटून हिशेब जुळवत होते. "देवीने सल्लागार कायम केला," ते स्वतःशीच म्हणाले. "सल्लागार कॉलेजात असायला हवा. कॉलेजात राहायला त्याला पेपर हवा. पेपरला दहा मुलं हवीत. खेडेकरांनाही दहा हवीत. वर्गात वीस आहेत. शिवलकर, सोमवारपर्यंत दहा-दहा करा. मुलांच्या स्वतःच्या आवडीने."

शिवलकरांनी सोमवारी वर्गापुढे उभं राहून सांगितलं, की दहा जणांनी जाहिरातीकडे जायचं आहे. मुलं हादरली. देवीचा शब्द मोडायचा कसा? शिवलकरांनी थोडा विचार करून विचारलं, "जाहिराती लागतात कुठे?"

"रेडियोवर," मुलं म्हणाली.

"मग?"

यावर वर्गाने बराच वेळ विचार केला आणि शेवटी देवीचा शब्द मोडत नाही असं ठरलं. सगळ्यात आधी हर्णेची शकू उठली. तिच्या घरी सुक्या मासळीचा धंदा होता. "सर, मला पयल्यापासना जाहिरातच हवी होती," ती म्हणाली. "सगळे कौल लावायला गेले म्हणून मी पण गेले." तिच्यामागून एकेक करत नऊ जण गेले. उरले दहा. दहावा गुणाजी. तो कुठेच गेला नव्हता, जागचा हललाच नव्हता, म्हणून नभोवाणीत होता.

आठ दिवसांनी शिवलकरांच्या हातात कॉलेजचं पत्र पडलं. प्राचार्यांनी ते स्वतः लिहून घेतलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती: 'नभोवाणी या पेपरला किमान विद्यार्थीसंख्या असेपर्यंत, श्री. ह. शिवलकर यांची तात्पुरती नेमणूक कायम करण्यात येत आहे.' शिवलकरांनी ते दोनदा वाचलं आणि गोळ्याखाली ठेवलं.

दार ढकलून गुणाजी आत आला. टेबलासमोर उभा राहिला.

"काय रे? झालं ना आता सगळं?"

"व्हय."

"मग?"

गुणाजीने छताकडे पाहिलं. पाल तिथेच होती. "सर, मला इतिहास हवा होता."

शिवलकरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "इतिहास?"

"पयल्यापासना. पण प्रवेशाच्या दिवशी इतिहासाची रांग म्हणून उभा ऱ्हायलो ती हीच निघाली. पुढं आलो तर शिपाई म्हणाला, सही कर. मग केली."

"दोन वर्षं झाली त्याला! बोलला का नाहीस?"

"कुणी इचारला नाय."

"मी विचारलं होतं! इथेच! तुला काय आवडतं म्हणून!"

"तुम्ही म्हणालात, या दोन पेपरांतला," गुणाजी समजुतीने म्हणाला. "त्यात नव्हता तो." मग त्याने विचारलं, "आजून जाता येतो काय, सर? तुम्ही सल्लागार. तुम्ही सांगाल ता करीन."

बाहेर सायकल स्टँडवर कोणाची तरी सायकल पडली आणि तिच्यामागे ओळीने बाकीच्या पडल्या. शिवलकर त्या संपेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी गोळ्याखालच्या पत्राकडे पाहिलं आणि पत्राकडून गुणाजीकडे. दहावा मुलगा उत्तराची वाट बघत होता, आणि ते दिल्याशिवाय तो हलणार नव्हता हे त्यांना माहीत होतं.

"गुणाजी," शिवलकर अगदी हळू म्हणाले, "हे एवढं एक वर्ष काढतोस?"

गुणाजीने बराच वेळ काही केलं नाही. मग त्याची मान हलली, आणि उजवीकडे कलली.